सायलेंट व्हॅलीला आई-बाबा आणि मुलीसह: किती दिवस, काय बघायचं, जळवांचं काय

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ताडोबा, पेंच, कान्हा करून झालंय, आता डोंगरातलं खरंखुरं सदाहरित पर्जन्यवन बघायचंय, म्हणून केरळातलं सायलेंट व्हॅली राष्ट्रीय उद्यान मनात आहे. सोबत सत्तरीच्या घरातले आई-बाबा आणि दहा वर्षांची लेक. नाताळच्या सुट्टीत जावं का, किती दिवस ठेवावेत, जळवांचा त्रास किती, आणि ‘जीपमधून नेतात-आणतात, काहीच दिसत नाही’ असं जे ऐकलंय ते खरं का?

शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण बाकीचं नियोजन तिच्यावरच ठरतं. मी पुण्या-मुंबईहून निसर्ग-अभ्यासाचे छोटे गट दक्षिण सह्याद्रीत नेतो आणि ही तक्रार परतीच्या गाडीत नेहमी ऐकू येते. ताडोब्याच्या नजरेनं गेलात तर ती खरी ठरते. तिथं उन्हाळ्यात पानगळ झालेली असते, नजर लांब जाते, पाणवठे ठरलेले असतात, गवतावर चितळांचे कळप असतात आणि त्यांच्यामागे वाघ. सदाहरित जंगलात यातलं काहीच नाही. वरचा पर्णसंभार इतका दाट की जमिनीपर्यंत जेमतेम एक-दोन टक्के उजेड पोचतो. उजेड नाही म्हणून गवत नाही, गवत नाही म्हणून चितळांचे कळप नाहीत. वाघ, बिबट्या, हत्ती, गवे, सांबर इथं आहेत, पण रस्त्याच्या कडेपासून दहा-पंधरा पावलांवर उभा असलेला गवासुद्धा तुम्हाला दिसणार नाही. या जंगलाचं अन्न तीस मीटर उंचीवर पिकतं आणि जनावरंही तिथंच राहतात. म्हणून वाघ-हत्ती दिसले तर तो योग समजा, त्यांच्यासाठी दिवस खर्च करू नका. इथं वेळ द्यायचा तो झाडांना. झाड ओळखता आलं की त्यावर कोण येणार तेही कळतं, आणि मग जंगल रिकामं वाटत नाही.

अख्ख्या उद्यानात सुमारे हजार जातींच्या सपुष्प वनस्पती आहेत, त्या ओळखत बसायची गरज नाही. एकच झाड शिकून जा: क्युलेनिया. मल्याळममध्ये त्याला ‘वेडिप्लाव’ म्हणतात. गाडीतल्या गाइडला हे नाव सांगितलंत तर तो नक्की दाखवेल. उंच सरळ खोड, बुंध्याशी फळ्यांसारखी पसरलेली आधारमुळं. पण ओळख पटवायची ती जमिनीवर. खोडाखाली पडलेलं एक पान उचला. वरची बाजू हिरवी, तुकतुकीत. उलटं केलंत की खालची बाजू रुपेरी-तांबूस, बारीक खवल्यांनी मढलेली. एकदा हे पान हातात घेतलं की पुढे चालताना पायाखाली रुपेरी पानं दिसली की मान आपोआप वर जाते. त्याच झाडाखाली काटेरी गोल फळांची फुटकी कवचंही सापडतात. फळ फणसासारखं, पण चेंडूएवढं आणि काटे चांगलेच टोकदार. मुलीला हात लावू द्या, पण जपून. कवच ताजं फोडलेलं असेल, आतला भाग अजून ओला असेल, तर वर कोणीतरी नुकतंच जेवून गेलंय किंवा अजून तिथंच आहे. अशा वेळी बोलणं बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा.

हे ‘कोणीतरी’ बहुतेक वेळा सिंहपुच्छ माकड असतं. काळंभोर अंग, चेहऱ्याभोवती करड्या-रुपेरी केसांची आयाळ आणि शेपटीच्या टोकाला गोंडा. जगात हे माकड फक्त पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात आहे. कर्नाटकातल्या शरावती-अघनाशिनीच्या खोऱ्यांच्या उत्तरेला त्याचे चांगले कळप उरलेले नाहीत, आपल्या महाराष्ट्राच्या सह्याद्रीत तर नाहीच. क्युलेनियाची फुलं फांद्यांवर घोसांनी येतात, त्यांना पाकळ्या नसतात. कोरड्या दिवसांत बाकीची फळं कमी असताना ही मांसल फुलं आणि पुढे बिया यांवर माकडं, शेकरू, वटवाघळं अशा सगळ्यांचं चालतं. म्हणून जिथं क्युलेनिया दाट, तिथं सिंहपुच्छ माकडाची शक्यता जास्त.

दुसरं काळं माकडही इथं आहे आणि बहुतेक पर्यटक त्यालाच सिंहपुच्छ समजून फोटो काढतात. ते निलगिरी वानर. फरक सोपा आहे. निलगिरी वानराची शेपटी लांबलचक, अंग काळं, पण डोक्यावरचे केस सोनेरी-तपकिरी. ते फांदीवरून फांदीवर लांब उड्या मारतं आणि सकाळी त्याची ‘हू-हू-हू’ अशी घुमणारी हाक दरीभर ऐकू येते. सिंहपुच्छ माकड शांतपणे, फांद्या चाचपत, साली-पानं उलगडत किडे शोधत सरकतं. स्थानिक लोक निलगिरी वानराला ‘करिंकुरंगु’ आणि सिंहपुच्छ माकडाला ‘सिंहवालन’ म्हणतात. ड्रायव्हर ओरडून कोणतं नाव घेतोय ते कळलं की कुठं बघायचं तेही कळतं.

इथं एक गोष्ट स्पष्टच सांगतो. तुम्हाला सिंहपुच्छ माकडाचे जवळून फोटोच हवे असतील तर सायलेंट व्हॅलीऐवजी तमिळनाडूतल्या अण्णामलई डोंगरावरच्या वाल्पारैला जा. तिथं चहाच्या मळ्यांत उरलेल्या जंगलाच्या तुकड्यांमध्ये माकडांना माणसांची सवय झालीये आणि ती रस्त्यावर, घरांच्या छपरांवर येतात. फोटो उत्तम मिळतात. पण तुकड्यांत अडकलेलं जनावर बघणं आणि अखंड जंगलात आपल्या चालीनं जाणारं बघणं यात फार मोठा फरक आहे. सायलेंट व्हॅलीत माकडं बुजरी आहेत, कदाचित पानांआडची एक हालचाल आणि क्षणभर आयाळ एवढंच दिसेल. मला तेच मोलाचं वाटतं आणि तुम्हालाही वाटावं अशी मनापासून इच्छा आहे.

लेकीसाठी शेकरू. भीमाशंकरला तो पाहिला असेल तर तांबूस अंग आणि फिकट शेपटी तिच्या लक्षात असेल. इथला शेकरू जास्त गडद, पाठीवर आणि शेपटीवर काळा. एकाच प्राण्याचे दोन रंग बघून ती स्वतःच प्रश्न विचारेल.

पक्ष्यांबद्दल एक गोष्ट माहीत असली तर निराशा होत नाही. पर्जन्यवनात अर्धा-पाऊण तास एकही पक्षी दिसत नाही, आणि मग पाच मिनिटांत वीस-पंचवीस येतात. इथले बरेच छोटे पक्षी मिश्र थव्यानं हिंडतात: कोणी पानांवरचे किडे टिपतो, कोणी सालीतले, कोणी उडालेले पतंग पकडतो. त्यांच्यासोबत बहुधा पल्लवपुच्छ कोतवाल असतो, शेपटीला दोन लांब तारा आणि टोकाला पिसांचे झुबके. तो इतर पक्ष्यांच्या आवाजांच्या नकला करतो. त्याचा आवाज आला की गाडी थांबवायला सांगा, त्याच्या मागेपुढे थवा असणारच. महाधनेश दिसण्याआधी ऐकू येतो. पंखांचा मोठा सू-सू आवाज डोक्यावरून जातो. ओढ्याकाठी सकाळी कोणी माणूस शीळ घालत फिरतोय असं वाटलं तर तो शीळकरी कस्तूर.

आता प्रत्यक्ष भेट कशी होते ते सांगतो. उद्यानाचं दार म्हणजे मुक्काली, पालक्काड जिल्ह्यातल्या मन्नारक्काडपासून घाट चढून सुमारे वीस किलोमीटरवरचं छोटं गाव. खासगी गाडी इथंच ठेवायची. इथून वन विभागाच्या व्यवस्थेतल्या जीप किंवा बसनं, गाइड घेऊन, सुमारे तेवीस किलोमीटर आत सैरंध्रीपर्यंत जाता येतं. रस्ता अरुंद आणि खडबडीत आहे, एका बाजूला दीड तास सहज लागतो. जाऊन-येऊन पाच तास धरा. सुरुवातीचे काही किलोमीटर माणसाचा हात लागलेलं मिश्र जंगल आहे. तिथंच डोळे ताणून थकू नका. खरं सदाहरित जंगल पुढे लागतं. हवा गार होते, खोडांवर शेवाळ आणि नेचे दिसू लागतात, आणि जीपच्या आवाजातही बाहेरची शांतता जाणवते.

सैरंध्रीला सुमारे तीस मीटर उंचीचा निरीक्षण मनोरा आहे. लोक धापा टाकत वर जातात, सेल्फी काढून उतरतात. तुम्ही तसं करू नका. जिने चढताना प्रत्येक टप्प्यावर मिनिटभर थांबा. खाली हवा दमट आणि स्थिर, पानं रुंद, पातळ, गडद. त्यांची टोकं लांब निमुळती, पावसाचं पाणी पटकन निथळून जावं अशी. म्हाताऱ्या पानांवर शेवाळाचे आणि दगडफुलाचे बारीक ठिपके दिसतील, पानावर वाढणारं आणखी एक जंगलच. मधल्या टप्प्यावर फांद्यांवर बसलेल्या आमरी (ऑर्किड) आणि नेचे डोळ्यांच्या पातळीवर येतात, जे खालून कधीच दिसले नसते. वर पोचलात की एकदम वारा लागतो, ऊन लागतं, पानं लहान, जाड आणि चामड्यासारखी होतात. एकाच झाडाला खाली एक हवामान आणि शेंड्याला दुसरं, हे त्या चढणीत अंगाला कळतं. वरून शेंड्यांचे रंग बघा. फेब्रुवारी-मार्चमध्ये कोवळी पालवी लाल, तांबूस, जांभळट असते आणि हिरव्यातही कितीतरी छटा असतात. उत्तरेला निलगिरीच्या पठाराची भिंत उभी आहे. उद्यानाची उंची तिकडे २,३०० मीटरच्या वर जाते आणि कड्यांवर शोला जंगलं, म्हणजे उंचावरच्या घळींतली बुटकी सदाहरित जंगलं, आणि गवताळ माथे आहेत. त्या भागात पर्यटकांना जाता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

सैरंध्रीहून सुमारे दीड किलोमीटर खाली उतरून कुंतिपुळा नदीवरच्या झुलत्या पुलापर्यंत जाता येतं, वाट उघडी असेल तेव्हा. ही नदी निलगिरीच्या बाजूनं उगम पावून दक्षिणेकडे वाहते, पुढे तुतपुळामार्गे भारतपुळेला मिळते. उद्यानातल्या तिच्या काठांवर एकही वस्ती नाही, म्हणून पाणी तळापर्यंत नितळ दिसतं. पुलावर उभं राहून वरच्या अंगाला बघा आणि सोबतच्यांना सांगा की हे सगळं एका धरणाच्या जलाशयाखाली जाणार होतं.

ही गोष्ट इथं सविस्तर सांगायला हवी, कारण आज तुम्ही जे बघायला जाताय ते वाचवलेलं आहे. सैरंध्रीची जागा वीजनिर्मितीसाठी १९२८ मध्येच हेरली गेली होती. १९७३ मध्ये नियोजन आयोगानं जलविद्युत प्रकल्पाला मंजुरी दिली. धरण झालं असतं तर सुमारे ८.३ चौरस किलोमीटर सदाहरित जंगल पाण्याखाली गेलं असतं, तेही दरीच्या तळाचं, सर्वांत समृद्ध. १९७६ मध्ये निसर्ग-अभ्यासक झफर फतेहअली यांच्या अध्यक्षतेखालच्या कार्यगटानं प्रकल्प सोडून द्यावा असं सुचवलं, पण टाळता येतच नसेल तर कोणत्या अटी पाळाव्यात तेही लिहिलं. राज्य सरकारनं तो दुसरा भाग धरून प्रकल्प पुढे रेटला. मग केरळ शास्त्र साहित्य परिषद या लोकविज्ञान संघटनेनं गावोगाव व्याख्यानं घेतली. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक एम. के. प्रसाद यांनी लेखणी उचलली, कवयित्री सुगतकुमारी यांच्यासह मल्याळम साहित्यिक रस्त्यावर उतरले. मुंबईचे सलीम अली तिथं जाऊन आले आणि त्यांनी प्रकल्प रद्द करायचं आवाहन केलं. पुढे केंद्रानं शास्त्रज्ञ एम. जी. के. मेनन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिच्यात आपले माधव गाडगीळही सदस्य होते. १९८३ मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारनं प्रकल्प सोडून देण्याचा निर्णय घेतला, १५ नोव्हेंबर १९८४ ला ८९.५२ चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं आणि ७ सप्टेंबर १९८५ ला राजीव गांधींनी त्याचं औपचारिक उद्घाटन केलं. २००७ मध्ये भोवती १४८ चौरस किलोमीटरचा संरक्षक पट्टा मंजूर झाला.

हे जंगल कधीच कोणी हात न लावलेलं होतं असं मात्र सांगू नका, गाइडसुद्धा कधीकधी तसं म्हणतात. १९२७ पासून १९७६ पर्यंत काही भागांत वन विभागाची निवडक तोड चालू होती. ती थांबल्यावर जंगल सावरलं. सावरायला वाव दिला तर सदाहरित जंगल काय करू शकतं, हेही इथं बघायला मिळतं.

किती दिवस? बहुतेक लोक एका दिवसात उरकतात आणि ‘काहीच दिसलं नाही’ म्हणतात. तीन रात्री ठेवा: एक पोचण्याची, आणि मग दोन सकाळी आत जायला. पहिल्या फेरीत डोळे नुसते सरावतात. सगळं हिरवं दिसतं, काय बघायचं ते कळत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यानं जाताना झाडं वेगळी दिसू लागतात, आवाज ओळखीचे वाटतात. माझ्या गटांना जे काही दिसतं त्यातलं बहुतेक दुसऱ्या सकाळी दिसतं. पैशाचा प्रश्न असेल तर हॉटेल साधं घ्या, पण दुसरी फेरी वगळू नका. दोन्ही दिवशी सकाळची पहिली गाडी मागा. दुपारी बाराच्या पुढे माकडं-पक्षी सगळेच शांत होतात. जीप फक्त तुमच्या कुटुंबाची घेतलीत तर थांबण्याचं स्वातंत्र्य मिळतं, बसमध्ये ते नसतं. या प्रवासात मी कुठं पैसे खर्च करायला सांगेन तर तो इथं.

ड्रायव्हर आणि गाइड बहुधा उद्यानाच्या पूर्वेकडच्या अट्टप्पाडी भागातल्या इरुळा, मुडुगा आणि कुरुंबा या आदिवासी समाजांतले असतात. त्यांना हिंदी कमी येतं, मल्याळम आणि तमिळ येतं. ‘चेट्टा, पदुक्के’ म्हणजे ‘दादा, हळू’, एवढं पुरतं. सुरुवातीलाच सांगा की आम्हाला वाघ-हत्तीची घाई नाही, हळू चला, झाडं दाखवा. अनेकांचा चेहराच बदलतो. रोज जे ‘हत्ती कुठाय’ विचारणाऱ्यांना नेतात त्यांना झाडांबद्दल विचारणारं कोणी भेटलं की कोणतं फळ खाण्याचं, कोणती राळ धुपाला, कोणत्या वेलीचं पाणी पिता येतं हे सगळं ते आनंदानं सांगतात. त्यांच्या अनुभवाचा मान ठेवा आणि शेवटी बक्षिशी हातात द्यायला संकोच करू नका.

कधी जावं? पावसाळ्यात जाऊ नका. जून ते सप्टेंबर इथं तुफान पाऊस असतो, घाटात दरडी पडतात आणि उद्यान कधीही बंद होऊ शकतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येही परतीचा पाऊस गाठतो. डिसेंबर ते मार्च उत्तम. डिसेंबर-जानेवारीत हवा गार, आई-बाबांना सोयीचं. फेब्रुवारी-मार्चमध्ये पालवी आणि क्युलेनियाची फुलं, माकडांच्या दृष्टीनं अधिक चांगलं, पण शाळा असते. कडक उन्हाळ्यात वणव्याच्या भीतीनं प्रवेश थांबू शकतो. नाताळच्या सुट्टीबद्दल दोन इशारे. एक, २४ डिसेंबर ते १ जानेवारी मुक्कालीत गर्दी असते. जमल्यास त्याआधीचा आठवडा किंवा जानेवारीतले मधले वार धरा. दोन, नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत शबरीमलाचा हंगाम असतो आणि केरळला जाणाऱ्या गाड्या भरलेल्या असतात. रेल्वेचं आरक्षण खुलं होताच काढा.

पुण्याहून कन्याकुमारी एक्स्प्रेस कोइम्बतूर, पालक्काडमार्गे जाते. मुंबईहून लोकमान्य टिळक टर्मिनसवरून कोइम्बतूरला थेट गाडी आहे. विमानानं जायचं तर कोइम्बतूर सोयीचं. तिथून मुक्कालीला दोन वाटा आहेत. नेहमीची पालक्काड-मन्नारक्काडची, आणि दुसरी आनैकट्टी-अगळीवरून अट्टप्पाडी ओलांडून येणारी. जाताना एक आणि येताना दुसरी धरा, कारण या दोन वाटांतला फरक म्हणजे भूगोलाचा धडा आहे. मन्नारक्काडच्या बाजूनं घाट हिरवाकंच, ओला. मुक्काली ओलांडून पूर्वेला निघालात की तासाभरात डोंगर उघडे पडू लागतात, काटेरी झुडपं, शेळ्या, लालसर कोरडी माती. नैर्ऋत्य मोसमी वारे पश्चिमेच्या डोंगरांवर पाणी ओततात, सायलेंट व्हॅलीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि पूर्वेकडच्या अट्टप्पाडीत त्याचा जेमतेम काही अंश पोचतो. महाबळेश्वरहून वाईकडे उतरताना जे बघतो तेच इथं, पण अधिक ठळक. लेकीला खिडकीपाशी बसवा.

जळवा. पावसाळ्यात त्या हैराण करतात, डिसेंबर-जानेवारीत कोरड्या वाटेवर एखाददुसरी भेटली तर भेटली. आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर मात्र ओढ्याकाठी आणि पुलाच्या वाटेवर नक्की असतील. त्यांना घाबरण्यासारखं काही नाही. पोटऱ्यांपर्यंत येणारे घट्ट विणीचे लीच सॉक्स मिळतात, ते बुटांच्या आत आणि पँटच्या वर चढवा. नसतील तर पँट मोज्यांत खोचा. तंबाखूचं पाणी, मीठ, साबण हे सगळे उपाय लोक करतात आणि घोटाभर ओल्यात ते धुऊन जातात. दर पंधरा-वीस मिनिटांनी थांबून एकमेकांचे पाय बघणं हाच सर्वांत चांगला उपाय. लागलीच तर ओढून काढू नका, चटका देऊ नका. नखाची कड तिच्या तोंडाच्या बाजूला, म्हणजे निमुळत्या टोकापाशी, कातडीला टेकवून सरकवा, सुटते. तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं, म्हणून जखम एवढीशी असली तरी रक्त बराच वेळ झिरपतं. पाण्यानं धुवा, स्वच्छ कापडानं दाबून धरा. पुढे दोन-तीन दिवस खाज येईल, खाजवू नका. आई किंवा बाबा रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा आणि त्या दोघांना पुलाची वाट कोरडी असेल तरच न्या.

आई-बाबांसाठी मुख्य त्रास जळवांचा नाही, रस्त्याचा आहे. जीप आदळते. कंबरदुखी असेल तर मागच्या आडव्या बाकावर बसवू नका, पुढची जागा त्यांना द्या. मनोरा अर्ध्यापर्यंत चढला तरी चालतो, मधल्या टप्प्यावरच्या आमरी-नेच्यांसाठी तेवढंही पुरे. पुलापर्यंत उतरणं सोपं, चढून येणं दमवणारं. ते सैरंध्रीलाच थांबले तरी तिथं निसर्ग-माहिती केंद्र आहे, आणि झाडाखाली बसून कान देणं हीसुद्धा पूर्ण भेट आहे. घाटात उलट्या होणाऱ्यांनी गोळी आधीच घ्यावी. आत मोबाइलला नेटवर्क नसतं, जवळची मोठी वैद्यकीय सोय मन्नारक्काडला, म्हणून नेहमीची औषधं सोबत ठेवा.

कपडे फिके-मळकट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे, पातळ आणि लवकर वाळणारे. जीन्स नको, ओली झाली की दिवसभर तशीच राहते. जंगलात रेनकोट घालून घामानं भिजण्यापेक्षा साधी छत्री बरी. तेलकट-मसालेदार खाऊ, प्लॅस्टिकच्या पिशव्या मुक्कालीलाच ठेवा, पाणी स्टीलच्या बाटलीत न्या. दुर्बीण नक्की हवी, ८ बाय ४२ ची पुरते. एकच असेल तर तुमच्या हातात कमी आणि मुलीच्या हातात जास्त द्या. कॅमेऱ्याबद्दल एवढंच: आत उजेड फार कमी असतो, फ्लॅश वापरू नका, आणि वातानुकूलित खोलीतून दमट हवेत कॅमेरा काढला की भिंग धुकटतं, म्हणून सकाळी तो पिशवीतच बंद ठेवून हळूहळू बाहेरच्या हवेला येऊ द्या.

महाराष्ट्रातच थोडा सराव करून गेलात तर फार फायदा होईल. आंबोलीला किंवा चांदोलीच्या बाजूला सदाहरित-निमसदाहरित जंगलाचे पट्टे आहेत. तिथं एखादी सकाळ फक्त वर बघत काढा, नागचाफा ओळखा, कारवीचं रान बघा. नागचाफा आणि कारवीची भावंडं सायलेंट व्हॅलीतही भेटतील आणि ओळखीचं काहीतरी दिसलं की परकं जंगल जवळचं वाटतं.

आरक्षण वन विभागाकडे आधी करा, विशेषतः शनिवार-रविवार असेल तर. राहण्यासाठी मुक्कालीत वन विभागाच्या खोल्या आणि काही खासगी जागा आहेत, त्या भरल्या तर अगळी किंवा मन्नारक्काड, पण मन्नारक्काडहून रोज पहाटे घाट चढावा लागेल. शुल्क आणि वेळा बदलत असतात, म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी मुक्कालीच्या कार्यालयात फोन करून तीन गोष्टी विचारा: सकाळची पहिली गाडी किती वाजता सुटते, झुलत्या पुलाची वाट त्या दिवसांत उघडी आहे का, आणि मनोऱ्यावर जायला परवानगी आहे का. पूल बंद असेल तरी जा. मनोराही बंद असेल तर तारीख पुढे ढकला.